पहिलं की दुसरं?

"या आठवड्यात या घराचे कान उघडणार आहेत!" चष्मेवाल्यांनी सकाळच्या चहाला जाहीर केलं.

"आधी खिडकी उघडा," त्यांची बायको म्हणाली. "टोस्ट जळलाय."

आई, म्हणजे चष्मेवाल्यांची आई, उठली. तिने स्वयंपाकघरातला दिवा बंद केला. बाहेर लख्ख उजाडलंय आणि आत दिवा जळतोय, हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं. घरातला कुठलाही दिवा, पंखा, शेगडी किंवा इस्त्री गरजेपेक्षा क्षणभर जास्त चालू राहिली की आईचा हात आपोआप तिकडे जायचा. एकदा तर चष्मेवाले दाढी करत असताना तिने न्हाणीघरातला दिवा मालवला होता. "आरशासमोर उभा आहेस ना? मग स्वतःला ओळखायला दिवा कशाला?" हे तिचं म्हणणं.

चष्मेवाल्यांना सगळे चष्मेवालेच म्हणत. नाक्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत डोळे तपासायची खुर्ची होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती लोखंडी चौकट चढवायची, तिच्यात एक काच सरकवायची, काढायची, दुसरी सरकवायची आणि विचारायचं, "पहिलं चांगलं की दुसरं?" उभा जन्म त्यांनी हा एकच प्रश्न विचारण्यात घालवला होता. जेवताना भाजीबद्दलसुद्धा ते असंच विचारत.

पण या धंद्यातल्या एका गोष्टीने ते अजूनही थक्क होत. माणूस पहिल्यांदा चष्मा लावतो, दुकानाच्या दारात येतो, समोरच्या झाडाकडे बघतो, आणि त्याला कळतं की झाडाला पानं सुटी सुटी असतात! तेव्हा त्या माणसाचा जो चेहरा होतो ना, तो पाहायला चष्मेवाले हातातलं काम टाकून दारापर्यंत जात.

फक्त बायकोचा तो चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. तिचे डोळे ठणठणीत! सुईत दोरा ओवायची तो न बघता. इतक्या वर्षांत तिला साधा वाचायचा चष्मासुद्धा लागला नाही. चष्मेवाल्याच्या नशिबी केवढी ही शोकांतिका! तेव्हा डोळे नाहीत तर नाहीत, निदान बायकोचे कान तरी उघडावेत, अशी त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली.

हे कानाचं खूळ त्यांच्या डोक्यात घातलं एका निवृत्त रेडिओ इंजिनिअरांनी. ते तपासायच्या खुर्चीत बसले होते, नाकावर चौकट होती, आणि समोरची अक्षरं वाचायची सोडून ते विचारत होते, "तुमच्याकडे स्पीकर आहेत ते उंच का ठेंगणे?"

"उंच. कमरेपर्यंत येतात."

"मागे स्क्रू किती?"

"असतील चार. एकेकाला."

"आणि वायर?"

"एकच जाते की! लाल आणि काळी."

"अरेरेरे!" इंजिनिअर इतक्या कळवळून म्हणाले, की चष्मेवाल्यांच्या हातातली काच निसटली.

मग त्यांनी समजावून सांगितलं. मोठ्या स्पीकरच्या पोटात दोन बिऱ्हाडं असतात. खाली जाड आवाजाचं, वर बारीक आवाजाचं. ढोल खाली, बासरी वर. त्यांच्या स्क्रूंना जोडणाऱ्या पितळी पट्ट्या असतात, म्हणून एकाच वायरीवर दोघांचं भागतं. "भागतं हो, पण ते काय जगणं आहे? पट्ट्या काढा! दोघांना स्वतंत्र वायर द्या! ॲम्प्लिफायरवर 'ए' आणि 'बी' अशी दोन बटनं असतील बघा. 'ए'वरून जाड न्या, 'बी'वरून बारीक न्या. बायवायरिंग म्हणतात याला!"

"फरक पडतो?"

"फरक?" इंजिनिअर मंद हसले. "एक सांगतो. लगेच नाही पडणार. वायर रुळावी लागते. एक-दोन दिवसांनी आवाज असा काही बदलेल, की तुम्हाला वाटेल आपण आजवर ऐकतच नव्हतो!"

चष्मेवाले थक्क झाले. त्या नादात इंजिनिअरांना कुठल्या डोळ्याला कुठला नंबर द्यायचा हे त्यांना दोनदा तपासावं लागलं.

बुधवारी दुकान लवकर बंद करून ते वायरीचं भेंडोळं घेऊन घरी आले आणि हॉलच्या कोपऱ्यात जमिनीवर आडवे झाले. चष्म्याचे स्क्रू पिळायचा इवलासा स्क्रूड्रायव्हर हातात, घड्याळजी लावतात तसं भिंग डोळ्याला! वायरीचं टोक सोलल्यावर आतले तांब्याचे तंतू चमकले, आणि ते पाहून चष्मेवाल्यांच्या तोंडून "वा!" निघालं. पट्ट्या काढताना "वा!", स्क्रू ढिला झाला तेव्हा "वा!"

"अहो, आत कोणी सापडलं का?" बायकोने विचारलं.

कुठली वायर कुठे जाते ते कळावं म्हणून त्यांनी प्रत्येक टोकाला बायकोच्या डब्यातला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. काढलेल्या पितळी पट्ट्या हरवू नयेत म्हणून चष्म्याच्या केसमध्ये ठेवल्या. इथवर सगळं झकास होतं.

आता एकच अडचण उरली. लांबच्या स्पीकरची वायर खिडकीखालच्या भिंतीवरून उघडी जात होती, आणि वायर दिसलेली बायकोला खपत नसे. चष्मेवाल्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि त्यांचं लक्ष खिडकीच्या पडद्याकडे गेलं. पडदा जमिनीपर्यंत लांब होता आणि त्याच्या खालची दुमड दोन्ही बाजूंनी उघडी! वायर आत घातली की सरळ पलीकडे! चष्मेवाल्यांनी स्वतःची पाठ स्वतःच थोपटली आणि वायर दुमडीतून ओवून घेतली.

तो पडदा घरचा नव्हता, एवढं मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांची बायको पडदे शिवायची. मोठमोठ्या खिडक्यांचे, सभागृहांचे, भरजरी, अस्तर लावलेले. शिवून झालेला पडदा ती घरच्या खिडकीला एक-दोन दिवस टांगून ठेवी. कापड आपल्या वजनाने जेवढं उतरायचं तेवढं उतरलं, की मग खालची दुमड पक्की करायची. तोवर ती नुसती कच्च्या दोऱ्याने टाचलेली असे.

पहिलीच रेकॉर्ड त्यांनी त्यांची लाडकी लावली. बासरीची. मागे ढोल, आणि मध्येच हलकेच किणकिणणाऱ्या झांजा. चष्मेवाल्यांनी 'ए' दाबलं, 'बी' दाबलं, दोन लाल दिवे लागले, आणि सूर सुरू झाले.

"ऐकलंस?" त्यांनी डोळे मिटून विचारलं.

बायको जमिनीवर गुडघे टेकून कापड कापत होती. तोंडात टाचण्या होत्या, म्हणून ती "हं" म्हणाली.

"फरक?"

तिने टाचण्या काढल्या. "छान आहे. कालच्यासारखंच."

कालच्यासारखंच! चष्मेवाल्यांचा चेहरा एवढासा झाला. वायर रुळायची आहे अजून, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

गुरुवारी सकाळी बायकोने पडदा काढला. तो एका सभागृहाला द्यायचा होता, म्हणून मशीनवर दुमड पक्की करायला तिने तो खांद्यावर घेतला आणि आतल्या खोलीकडे निघाली. पडदा जरा जड वाटला. अस्तर असेल, असं वाटून तिने ओढला. मग मागून घर्रर्र असा आवाज आला.

"अगं बाई!" आई किंचाळली. "तो चालतोय!"

बायकोने वळून पाहिलं. कमरेएवढा काळा स्पीकर तिच्या मागोमाग हॉलच्या मध्यापर्यंत आला होता! ती घाबरून दोन पावलं मागे सरली, स्पीकर दोन पावलं पुढे आला, उंबऱ्याला अडला आणि वाकून आईच्या खुर्चीत तोंडघशी पडला. खुर्चीत उशा होत्या म्हणून निभावलं. पडद्याचा कच्चा दोरा मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवला, आणि दुमडीतून लाल-काळी वायर बाहेर आली.

चष्मेवाले अर्ध्या दाढीने धावत आले. आधी ते स्पीकरकडे गेले, ही त्यांची चूक झाली.

"मला लागलंय का ते विचारा!" बायको म्हणाली.

"लागलंय का?"

"नाही! पण मग विचारा ना आधी!"

आणि मग बायकोने जे इतके महिने पोटात ठेवलं होतं ते सगळं बोलून टाकलं. तिचं कापड कापायचं टेबल सुताराकडे तयार होऊन पडलं होतं. लांबलचक, गुळगुळीत, तिच्या मापाचं. ते ठेवायला घरात एकच जागा होती, हा कोपरा. आणि या कोपऱ्यात हे दोन काळे पाहुणे उभे! "मी जमिनीवर कापते. रोज. उठताना भिंतीला धरून उठावं लागतं मला. माझे गुडघे कुरकुरतात ते ऐकू येतात का तुम्हाला तुमच्या दोन-दोन वायरींतून?"

गुडघ्यांचं चष्मेवाल्यांना खरंच माहीत नव्हतं.

"मी अन्याय करत नाही," बायको जरा वेळाने म्हणाली. "रविवारी मी शांतपणे बसून ऐकते. एकदा तुमच्या नव्या वायरीने, एकदा जुन्या. मला फरक कळला, तर कोपरा तुमचा, टेबल राहू दे सुताराकडेच. नाही कळला, तर कोपरा माझा. आणि मी खोटं बोलणार नाही."

"तू खोटं बोलत नाहीस, तीच तर भीती आहे," चष्मेवाले पुटपुटले.

आता मंडळी, इथे एक गोष्ट तुमच्या कानात सांगून ठेवतो, कारण पुढचे तीन दिवस ती आई सोडून त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हती. चष्मेवाल्यांनी स्पीकर उभा केला, वायरी पुन्हा जोडल्या, या खेपेला भिंतीच्या कडेने नेल्या, आणि ते दुकानात गेले. बायको पडदा पोचवायला गेली. घरात उरली आई. तिने फडकं घेतलं, कोपरा पुसायला लागली, आणि तिला ॲम्प्लिफायरवर दोन लाल दिवे दिसले. गाणं एक आणि दिवे दोन! आईने 'बी' बंद केलं. घरात कोणी नसताना एक दिवा पुरतो, हा तिचा नियमच होता.

संध्याकाळी चष्मेवाल्यांनी रेकॉर्ड लावली.

"धुम्म," स्पीकर म्हणाले. "धुम्म. धुम्म-धुम्म."

बासरी नव्हती. झांजा नव्हत्या. भिंतीपलीकडे कोणीतरी गादी बडवावी तसा ढोल तेवढा ऐकू येत होता. दुसरा कोणी असता तर त्याने उठून पाहिलं असतं. पण चष्मेवाल्यांना इंजिनिअरांचे शब्द आठवले. आवाज असा काही बदलेल!

"रुळली!" ते ओरडले. "वायर रुळली!"

त्यांनी डोळे मिटले. अहाहा, काय ती खोली! काय तो ठाव! आजवर बासरी कशी उथळपणे समोर येऊन वाजायची. आता ती मागे गेली होती, खूप मागे. कान देऊन शोधावी लागत होती. चष्मेवाले ती शोधत बसले आणि जेवायला दोनदा बोलवावं लागलं.

शुक्रवारी त्यांनी वरच्या मजल्यावरच्या प्रोफेसरांना ऐकायला बोलावलं. प्रोफेसर रसिक होते. त्यांना कुठलीही गोष्ट कळली नाही असं आजवर झालेलं नव्हतं.

"धुम्म," स्पीकर म्हणाले.

प्रोफेसरांनी हातातल्या रेकॉर्डच्या कव्हरकडे पाहिलं. कव्हरवर बासरी वाजवणाऱ्या माणसाचा फोटो होता.

"बासरी आहे ना ही?"

"आहे!" चष्मेवाले कुजबुजले. "पण मागे गेलीय. ऐका."

प्रोफेसरांनी मान तिरकी केली. बराच वेळ गेला. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं.

"यात एक मौन आहे," ते म्हणाले.

"आहे ना?"

"वाजवणारा वाजवतोय, पण सांगत नाहीये की मी वाजवतोय. थोर! फारच थोर!"

दोघंही थक्क होऊन बसून राहिले. आतून बायकोने शिलाईचं मशीन थांबवून विचारलं, "अहो, वर कोणी फर्निचर हलवतंय का?"

रविवार उजाडला. संध्याकाळी चष्मेवाल्यांनी दुकानातून तपासायच्या दोन चौकटी आणल्या आणि दोन्हींत काळ्या काचा बसवल्या. कुठली वायर चालू आहे ते दिसताच कामा नये! एक चौकट त्यांनी स्वतःच्या नाकावर चढवली, एक प्रोफेसरांच्या, कारण साक्षीदार हवा. बायकोला मात्र डोळ्यांनीच काम करायचं होतं. ती खोटं बोलत नाही, म्हणून जोडणीही तीच करणार होती आणि ऐकणारही होती. पट्ट्या कशा लावायच्या, 'बी'ची वायर कशी काढायची, हे सगळं चष्मेवाल्यांनी तिला शिकवलं. तिने ते त्यांच्यापेक्षा लवकर उचललं. दोनपैकी काय आधी लावायचं ते तिच्या मनावर होतं.

कोचावर काळ्या काचा लावून दोन प्रौढ माणसं हात मांडीवर ठेवून बसली.

"हे पहिलं," बायको म्हणाली.

"धुम्म. धुम्म-धुम्म."

प्रोफेसर डोलू लागले. ही आपलीच रुळलेली वायर, चष्मेवाल्यांना शंकाच नव्हती. कळू दे गं हिला, ते मनात म्हणत होते. एकदाच कळू दे. कोपरा राहिला काय, गेला काय, पण एकदा तो चेहरा बघायला मिळू दे.

सुई उचलल्याचा आवाज आला. मग स्पीकरच्या मागे खुडबुड सुरू झाली. स्क्रू फिरले, पितळ पितळाला लागलं. तेवढ्यात सपातांचा फटफट आवाज आला, कपबश्या वाजल्या, आई काहीतरी स्वतःशीच बोलत आली. खट्. जरा थांबून पुन्हा खट्. सपाता परत गेल्या.

"काम बारीक आहे," प्रोफेसर काळ्या काचांमागून म्हणाले.

"आता हे दुसरं," बायकोचा आवाज स्पीकरच्या मागून आला. तिने हात लांब करून सुई टेकवली.

आणि बासरी आली!

कशी आली, हे कसं सांगावं? ढोल होता तिथेच होता, पण त्याच्या वर, खोलीच्या मधोमध, अगदी हात लावता येईल इतकी जवळ, बासरी उभी राहिली. वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येत होता. सूर सुरू व्हायच्या आधी ओठांवर येणारी ती हलकी फुंकर ऐकू येत होती. भोकावरून बोट उचललं तेही कळलं! आणि मग झांजा किणकिणल्या, एक एक, सुट्या सुट्या. चष्मेवाल्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. तीन दिवस उपाशी ठेवलेल्या माणसापुढे कोणी ताट मांडावं तसं त्यांना झालं.

"दुसरं!" ते ओरडले. "दुसरं! दुसरं! हीच माझी वायर!"

"दुसरं!" प्रोफेसरांनी मांडीवर थाप मारली. "पहिलं म्हणजे... पहिलं काहीच नव्हतं हो!"

चष्मेवाल्यांनी चौकट उपटून काढली आणि बायकोकडे पाहिलं. ती स्पीकरच्या मागे गुडघ्यांवर बसली होती, एक हात स्पीकरवर, तोंड किंचित उघडं, डोळे मोठे झालेले. झाडाची पानं सुटी दिसली होती तिला! तोच चेहरा! चष्मेवाल्यांनी इतक्या लोकांचा पाहिलेला, आणि हिचा कधीच न पाहिलेला. त्यांना रडू कोसळायचं तेवढं बाकी राहिलं.

"फरक कळला?" त्यांनी हळूच विचारलं.

"कळला," बायको म्हणाली. "पण अहो..."

"काय?"

"मी काहीच बदललं नाही."

खोलीत फक्त बासरी वाजत राहिली.

"काहीच नाही म्हणजे?"

"तुम्ही दुकानात नाही का करत? काच बदलल्यासारखं करता, आवाज करता, आणि तीच काच परत लावता. आणि माणूस म्हणतो, वा, आता कसं लख्ख दिसतंय! मग तुम्ही त्याला सांगता, नंबर डोळ्याला नाही, मनाला आहे. म्हटलं, आज तुमचीच युक्ती तुमच्यावर करावी. मी नुसत्या पट्ट्या वाजवल्या आणि एक स्क्रू ढिला करून परत पिळला. दोन्ही वेळा तुमचीच वायर होती, तशीच्या तशी!"

"पण फरक तर पडला!"

"तेच म्हणतेय मी! तुम्हाला भास झाला असता तर समजलं असतं. पण मला कसा ऐकू आला? मला तर ठाऊक होतं ना, काही बदललेलं नाही!" ती ॲम्प्लिफायरकडे जरा घाबरूनच पाहू लागली. "अहो, हे आपोआप करतं का?"

"चमत्कार!" प्रोफेसर उभे राहिले. काळी चौकट अजून नाकावरच होती, त्यामुळे ते भिंतीकडे तोंड करून बोलले. "याला चमत्कारच म्हणायचं!"

"कसला चमत्कार?" दारातून आई म्हणाली. तिच्या हातात बिस्किटांची बशी होती. "बटन लावलं मी."

तिघंही तिच्याकडे वळले. प्रोफेसर जरा जास्तच वळले आणि खिडकीकडे बघू लागले.

"कुठलं बटन, आई?"

"ते दुसरं. चहा ठेवायला आले तर पाहुणे बसलेले आणि खोलीत अंधार. चांगलं दिसतं का ते? कोपऱ्यातला दिवा लावला, आणि हेही लावलं. आल्यागेल्यासमोर निम्मं घर बंद ठेवायचं नाही, तुझे बाबा असल्यापासून आपली पद्धत आहे."

"पण ते बंद कधी झालं होतं?"

"मीच केलं होतं. तो काळा चालत आला ना, त्या दिवशी. एका गाण्याला दोन दिवे कशाला रे?"

चष्मेवाल्यांनी गुरुवारपासून हिशोब मांडला. ती खोली. तो ठाव. ती मागे गेलेली बासरी, जी शोधत ते जेवण विसरले होते. बासरी मागे गेली नव्हती. ती गेलीच होती!

त्यांनी प्रोफेसरांकडे पाहिलं. प्रोफेसरांनी सावकाश चौकट काढली, तिच्याकडे नीट पाहिलं, घडी घालून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "माझं वर दूध उतू जात असेल." बिस्किट न घेता ते गेले.

मग बायको गुडघे धरून उठली, भिंतीला हात टेकवून.

"तुम्ही जिंकलात," ती म्हणाली. "मी बोलले होते, मला फरक कळला तर कोपरा तुमचा. कळला. मी खोटं बोलणार नाही."

तिने भिंतीवरचा हात अजून काढला नव्हता. चष्मेवाले त्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून चष्म्याची केस काढली आणि तिच्यापुढे धरली. पितळी पट्ट्या त्यात होत्या.

"आता खरोखर बदल," ते म्हणाले. "दोन्ही दिवे लावून, एकदा माझं. मग पट्ट्या लाव, 'बी'ची वायर काढ आणि एकदा जुनं. मी ऐकतो."

"कशाला उगाच? जिंकलात की."

"बदल गं. नाहीतर रात्री झोप नाही यायची मला."

काळी चौकट पुन्हा नाकावर चढली. आईला बटनांपासून लांब, खुर्चीत बसवलं गेलं. बासरी वाजली. खुडबुड झाली. बासरी पुन्हा वाजली.

"पहिलं की दुसरं?" बायकोने विचारलं.

चष्मेवाल्यांनी ओठ चावले. कपाळाला घाम आला. सबंध आयुष्यात हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता, आणि तो इतका अवघड असतो याची त्यांना कल्पनाच नव्हती.

"जरा... परत एकदा दाखव," ते म्हणाले.

तिने परत दाखवलं.

"पहिलं जरा... नाही. दुसरं. म्हणजे, पहिल्यासारखं दुसरं." त्यांनी चौकट काढली. "सारखीच आहेत गं दोन्ही. सारखीच सुरेख आहेत."

बायको जवळ आली. तिने त्यांच्या हातातून चौकट घेतली आणि अगदी प्रेमाने, अगदी त्यांच्याच दुकानातल्या आवाजात म्हणाली, "काही काळजी करू नका. नंबर कानाला नाही, मनाला आहे."

चष्मेवाले आधी हिरमुसले, मग त्यांना हसू फुटलं, आणि मग तिघंही खुर्चीला धरून हसत सुटले. सुताराला फोन त्यांनी स्वतः केला.

"पण एक खरं सांगते," बायको नंतर म्हणाली, चहा गार झाल्यावर. "बासरी आली ना मघाशी, तेव्हा माझ्या अंगावर शहारा आला. मी कधी अशी ऐकलीच नव्हती."

"पाहिलं मी," चष्मेवाले म्हणाले, आणि त्यांनी तो गार चहाच पिऊन टाकला.

टेबल आलं. कोपरा त्याने भरून टाकला. स्पीकरसुद्धा सरकवून कसेबसे तिथेच मावले, टेबलाच्या दोन टोकांना एक-एक, आणि ॲम्प्लिफायर टेबलाखाली गेला. बायको आता उभ्याने कापते, आणि कापताना रेकॉर्ड तीच लावते. दोन वायरी तशाच आहेत. चष्मेवाल्यांना त्या काढवत नाहीत, आणि त्या काढा असं तीही म्हणत नाही.

त्या आठवड्यात एक दिवस चष्मेवाले दुकानातून थकून आले, आईच्या खुर्चीत टेकले, आणि त्यांनी डोळे मिटून कान दिला. थोड्याच वेळात ते पुरते थक्क झाले.

"अहाहा!" ते म्हणाले. "आज काय विलक्षण खोली आहे गं! बासरी बघ कशी लांब गेलीय, पार क्षितिजापाशी..."

बायकोने कात्री थांबवली नाही.

"पडद्यांचं गिऱ्हाईक मघाशीच गेलं हो," ती म्हणाली. "आईंनी आवरलंय सगळं."

चष्मेवाले मुकाट्याने उठले, टेबलाखाली वाकले आणि त्यांनी दुसरं बटन दाबलं.